ग्रो लाइटच्या खोलीत पिन काळी पडतेय, रॅकला झिणझिण्या येतात. एसी घेऊ का?

खाडीपल्याड | ८ जून, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात खाडीच्या अंगाला आमचं कौलारू घर आहे. मागची पडवी भिंत घालून बंद केली आणि तिथे मायक्रोग्रीन्स (कोवळेपणीच कापून खायची रोपं) घेतो. मोहरी, मुळा, मेथी, सूर्यफूल. दोन-तीन रिसॉर्टवाले नेमाने नेतात. कोपऱ्यात थोडी ऑर्किडं आहेत, ती निव्वळ हौस.

मांडणी अशी: तीन लोखंडी रॅक, मिळून बारा कप्पे, प्रत्येक कप्प्यावर २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब. ऑर्किडांवर १०० वॅटची दोन पॅनेलं. शिवाय एक ६ इंची एक्झॉस्ट, भिंतीवरचे दोन पंखे, पाण्याचा छोटा पंप. सगळं मिळून साडेआठशे वॅटच्या आसपास. भिंतीवर ६ अँपिअरचा एकच सॉकेट आहे, त्यात एक एक्स्टेन्शन बोर्ड आणि त्या बोर्डात दुसरा.

तक्रारी तीन. मे महिन्यात दुपारी पॅनेलं आपोआप बंद व्हायची आणि थोड्या वेळाने आपोआप लागायची. दुसरं, भिंतीवरच्या सॉकेटातली पिन हात लावणार नाही इतकी तापते. एक पिन काळी झालीय, सॉकेट चॉकलेटी पडलाय, पण एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) एकदाही पडला नाही. तिसरं, पाऊस सुरू झाल्यापासून अनवाणी पायाने रॅकला हात लागला की झिणझिण्या येतात. गावातला इलेक्ट्रिशियन म्हणाला, फेज-न्यूट्रल उलट लावू, जाईल.

मला वाटतं मुळात खोली तापते म्हणून हे सगळं होतंय. एक टनाचा एसी घ्यायच्या विचारात आहे. कोणी असं काही केलंय का?

---

तिसरी पिन | ८ जून, रात्री ९:४८

एसीचं मागाहून बघू. आधी पडवीचा एमसीबी खाली करा आणि तो सॉकेट परत वापरू नका, घासून साफ करूनसुद्धा नाही. आतली पितळी पट्टी एकदा अशी तापली की तिचा ताण जातो, ती पिनेला परत घट्ट धरत नाही. पिन टॉपही फेकून द्या. काळी पिन नव्या सॉकेटात घातलीत तर नवा सॉकेटही तिच्याच वाटेने जाईल.

एमसीबी का पडला नाही, याचं उत्तर सोपं आहे आणि नेमकं तेच लोकांना माहीत नसतं. एमसीबीला फक्त करंट कळतो. जॉइंट सैल झाला किंवा त्याच्यावर गंजाचा थर आला तर करंट वाढत नाही, त्या एका ठिकाणचा अवरोध वाढतो. समजा ५ अँपिअर वाहतायत आणि तिथे अर्धा ओहम अवरोध तयार झालाय. पाचाचा वर्ग पंचवीस, त्याच्या निम्मे साडेबारा. म्हणजे साडेबारा वॅट उष्णता, तीही नखाएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या डबीत कोंडलेली. एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल असतं. विजेच्या बऱ्याच आगी अशाच जागी लागतात.

तुमचा हिशोब साडेआठशे भागिले २३० असा असेल, म्हणजे पावणेचार अँपिअर. तो एलईडीला लागू पडत नाही. स्वस्त ट्यूबचा पॉवर फॅक्टर ०.५ च्या घरात असतो, म्हणजे वॅट तेवढेच पण करंट दुप्पट. प्रत्यक्षात साडेपाच-सहा अँपिअर जात असणार, रोज चौदा-पंधरा तास, एका ६ अँपिअरच्या सॉकेटातून. वर ती खाडीची हवा.

हवेबद्दल एकच सांगतो. मिठाचा एक गुण आहे: हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. पावसाळ्यात आपल्याकडे हवा त्याच्या खाली क्वचितच येते. त्यामुळे पितळेवर, तांब्यावर, स्विचच्या आतल्या प्लास्टिकवर जो खारट थर बसलेला असतो तो चार महिने ओलाच राहतो. ओलं मीठ म्हणजे वीज वाहून नेणारा थर. देशावर जो बोर्ड वीस वर्षं टिकतो तो आपल्याकडे पाचात जातो, याचं कारण हे.

झिणझिण्यांचं उद्या लिहितो. तोवर चप्पल घालून फिरा आणि फेज-न्यूट्रल उलटं करायचं नाव काढू नका.

---

कुंपणावरचा | ८ जून, रात्री १०:२०

कोकणात ऊन कमी पडलं म्हणून घरात दिवे लावून मोहरी उगवायची? अंगणात ठेवा की ट्रे. बिल शून्य, आग शून्य.

---

खाडीपल्याड | ८ जून, रात्री १०:३५

@कुंपणावरचा, आजच्या पावसात एक ट्रे अंगणात ठेवून बघा, उद्या सकाळी शेजारच्या विहिरीत सापडेल. :) जून ते सप्टेंबर मळभ असतं, ट्रे आत ठेवले तर पिवळे लांबट होतात, बाहेर ठेवले तर कुजतात. रिसॉर्टला बारा महिने माल एकसारखा लागतो.

@तिसरी पिन, बंद केलं. ट्रे तात्पुरते खिडकीशी आणलेत.

---

मुळामुठेचा माळी | ९ जून, सकाळी ७:१५

मी पुण्यात हेच करतो. एसीची काही गरज नाही, खिडकीत वाळ्याचा कूलर बसवा. माझी खोली सहा-सात अंशांनी उतरते. नाहीतर पंख्यासमोर ओलं गोणपाट.

---

ओली सुपारी | ९ जून, सकाळी ८:०२

माळीबुवा, पुण्यात एप्रिलमध्ये हवा कोरडी असते म्हणून पाणी उडतं आणि उडताना गारवा देतं. इथे वेंगुर्ल्यात हवेत आधीच इतकं पाणी आहे की वाळत घातलेला टॉवेल चार दिवसांनी बुरशी घेऊन परत येतो. कूलर इथे गार काहीच करत नाही, फक्त खोलीत आणखी पाणी सोडतो. आणि विजेच्या सामानाला तेच नको असतं.

आकडा सांगते. खोली २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर २६ अंशांच्या आसपासच्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. म्हणजे दिवे बंद झाल्यावर पॅनेलचं ॲल्युमिनियम खोलीपेक्षा दोन अंश जरी गार झालं तरी ते पाझरायला लागतं. माझ्या ऑर्किडच्या खोलीत पहाटे पॅनेलच्या कडेला थेंब लटकलेले असत. मी एक साधी गोष्ट केली: दिवे बंद झाले तरी पंखे चालूच ठेवते. दिव्यांचा टायमर वेगळा, पंख्यांना टायमरच नाही. हवा हलती राहिली की थेंब धरायला वेळ मिळत नाही.

---

जांभ्या | ९ जून, सकाळी ११:३०

चिपळूणहून. एलईडी ड्रायव्हर (दिव्याला हवी तशी वीज करून देणारी डबी) दुरुस्त करणं हा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे जरा सविस्तर.

पॅनेल आपोआप बंद-चालू होतं ते ड्रायव्हरमुळे. बऱ्यापैकी ड्रायव्हरमध्ये तापमान वाढलं की स्वतःला तोडायची सोय असते, गार झाला की परत लागतो. म्हणजे तुमचा ड्रायव्हर ओरडून सांगत होता. कव्हरवर एक ठिपका आणि शेजारी 'टीसी' लिहिलेलं असतं, समोर आकडा. त्या ठिपक्याचं तापमान त्या आकड्याच्या वर जाता कामा नये. मी तर वीसेक अंश खालीच ठेवायला सांगतो. आतल्या कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने दर १० अंशांना निम्मं होतं. ड्रायव्हर पॅनेलच्या पाठीला चिकटवलेला असेल तर चार स्क्रू काढून तो खोलीबाहेर, निदान रॅकच्या बाजूच्या भिंतीवर आणा. पॅनेलपर्यंत जाणारी डीसी वायर थोडी लांबवली तर बिघडत नाही, फक्त जाडी कमी करू नका. एवढ्याने पॅनेलही गार राहतं आणि ड्रायव्हरही.

आता खोली. एलईडी 'थंड' असतात हा गैरसमज आहे. ८४० वॅट आत गेले की शेवटी ८४० वॅट उष्णताच होते, पानांनी जो काही अंश साखरेत घातला तो सोडून. ती बाहेर काढायला किती हवा लागते याचं सोपं सूत्र: वॅट गुणिले ३, भागिले बाहेरच्यापेक्षा किती अंश जास्त चालेल तो आकडा. उत्तर ताशी घनमीटर. तुम्हाला ४ अंश चालतील असं धरलं तर ८४० × ३ ÷ ४ = ६३०. तुमचा ६ इंची एक्झॉस्ट याच्या जवळपासही जात नाही. १२ इंची घ्या, छताशी लावा, आणि समोरच्या भिंतीला खाली तेवढंच मोठं भोक ठेवा. भोक नसेल तर पंखा नुसता गुरगुरतो, हवा हलत नाही. भोकाला बारीक जाळी लावा, आणि जाळी महिन्याला धुवा.

एसी. १ टन म्हणजे साधारण ३,५०० वॅट. तुमच्या दिव्यांची उष्णता पाव टनसुद्धा नाही. म्हणजे पावसाळ्यात हा एसी पाच मिनिटं चालून बंद, पाच मिनिटं चालून बंद असं करेल, आणि असा तुकड्यातुकड्याने चालणारा एसी हवेतलं पाणी फार काढत नाही. मे महिन्यात खरी उष्णता दिव्यांची नाही, कौलांची आहे. कौलांखाली फोमची शीट किंवा साधं खोटं छत घाला, एसीच्या किमतीच्या पासंगालाही पुरणार नाही एवढ्यात होईल. आणि आत्ताच्या त्या वायरिंगवर एसी लावलात तर आपण इथे पुढचा धागा श्रद्धांजलीचा काढू.

---

तिसरी पिन | ९ जून, रात्री ८:५५

झिणझिण्या.

बहुतेक ड्रायव्हरांच्या आत विजेचा गोंगाट गाळायला लहान कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रलपासून धातूच्या कव्हरकडे जोडलेले असतात. त्यातून मिलिअँपिअरचा काही अंश करंट कव्हरवर येतोच, नवीन ड्रायव्हरमध्येसुद्धा. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, कोणाला कळतही नाही. अर्थिंग नसेल तर कव्हर अधांतरी राहतं, पॅनेल साखळीने रॅकला टांगलेलं असतं, आणि करंट तुमच्यातून वाट काढतो. हे झालं चांगलं निदान. वाईट निदान असं की कुठेतरी फेजची वायर खरोखर रॅकला लागतेय किंवा एखाद्या ट्यूबच्या टोकात पाणी आहे. हाताला दोन्ही सारखंच जाणवतं. टेस्टरचा मिणमिणता दिवाही दोन्हीत सारखाच. पण दोन्हींतून एक गोष्ट पक्की कळते: तुमच्या सॉकेटची तिसरी, म्हणजे अर्थिंगची, पिन कुठेच पोचत नाही.

त्यामुळे अर्थिंग. इथे जांभ्या दगडाची एक गंमत आहे (आयडीवाल्या जांभ्यांची नव्हे). पावसात जांभा पाणी धरतो, अर्थिंग उत्तम दाखवतं. एप्रिल-मेमध्ये तो ठणठणीत कोरडा होतो आणि तोच खड्डा निरुपयोगी ठरतो. आपले लोक अर्थिंग बल्ब लावून तपासतात: फेज आणि अर्थ यांच्यामध्ये १०० वॅटचा बल्ब, लख्ख पेटला की 'मस्त आहे'. तो बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही. अर्थिंगचा अवरोध २० ओहम असला तरी तो लख्खच पेटेल. आता २० ओहमच्या अर्थिंगवर खरा फेज रॅकला लागला तर काय होईल? २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर. १६ चा एमसीबी त्याला हातही लावणार नाही. रॅक जिवंत, एमसीबी वर, आणि मेथीला पाणी घालायला घरातलं कोणीतरी येतंय.

म्हणून अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, दोन्ही. एकावर भागत नाही. आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा करंट ताडून बघतो, फरक पडला की तोडतो. त्याला २० ओहम काय, २०० ओहमचं अर्थिंगही पुरतं. पण अर्थिंगच नसेल तर फरक पडायला माणसाने हात लावावा लागतो. आरसीसीबीला ओव्हरलोड कळत नाही, सैल जॉइंटही कळत नाही, त्यामुळे एमसीबी काढायचा नाही. ड्रायव्हरसारख्या इलेक्ट्रॉनिक सामानाला 'ए' टाइपचा मागा, दुकानात सहसा 'एसी' टाइप (गारव्याच्या एसीशी याचा संबंध नाही) हातात देतात. टेस्टचं बटण महिन्याला एकदा दाबा. खाऱ्या हवेत तो आतून धरून बसतो आणि बटण दाबेपर्यंत पत्ता लागत नाही.

खड्डा न्हाणीघराचं सांडपाणी जिथे जातं तिथे किंवा माडाच्या आळ्याजवळ घ्या, म्हणजे मेमध्येही ओल राहील. मीठ-कोळसा जुनी पद्धत आहे, पण आपल्या पावसात मीठ दोन-तीन वर्षांत वाहून जातं आणि जाता जाता जीआय पाइप खातं. बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा. आणि अर्थ टेस्टरने मोजणारा परवानाधारक वायरमन बोलवा, तेही मे महिन्यात. पावसातलं माप घेऊन खूश होण्यात अर्थ नाही.

तिन्ही रॅक एकमेकांना हिरव्या वायरने जोडून अर्थला न्या. रंग खरवडून, लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) लावून, स्टीलच्या नटबोल्टने.

---

गजालीकार | १० जून, दुपारी १:१०

बाबांनू, तुमी ओहम नि अँपिअर करीत बसलास, पण बोर्डाच्या मागे कोण बघता? मी मालवणात वायरमनकी करतंय. पावसात बोर्ड उघडलंय की मागे पालीची अंडी, नायतर मुंग्यांचा घर. उबेक येतत ती. पाल फेज नि न्यूट्रलच्या मधी चिकटान मरता, मगे बोर्ड काळो. जी भोका रिकामी आसत ती बंद करा, डमी प्लेट गावता ती लावा.

दुसरा. वायर वरसून सरळ बोर्डात घालू नको. बोर्डाच्या खाली वीतभर सोड, मगे वळवन वर घे. कौला गळली की पाणी वायरीवरसूनच येता. वळणार येवन थेंब खाली पडतलो, बोर्डात नाय जावचो.

नि उंदीर. सूर्यफुलाचा बी ज्या खोलयेत ठेवतास, त्याच खोलयेत वायर उघडी टाकलास तर उंदीर तुमका सोडूचो नाय. बी पत्र्याच्या डब्यात, वायर पाइपात.

---

ओली सुपारी | १० जून, दुपारी २:२५

गजालीकार, एक नंबर. पालीचं अगदी खरं.

खाडीपल्याड, उन्हाळ्यासाठी एक उपाय सुचवते. दिवे संध्याकाळी सहा ते सकाळी आठ लावा. मायक्रोग्रीन्सना दिवस-रात्र कोणती हे कळत नाही, तासांशी मतलब. दुपारच्या तापातून दिवे आणि ड्रायव्हर दोन्ही सुटतात. मी मार्च ते मे असंच करते.

---

तिसरी पिन | १० जून, दुपारी ४:००

याला माझा विरोध आहे. तापमानाचं गणित बरोबर आहे, मान्य. पण मग सगळ्यात जास्त लोड अशा वेळी चालणार जेव्हा घर झोपलेलं असतं. दुपारी वास आला तर कोणीतरी धावेल. पहाटे तीन वाजता लाकडी वाशांच्या घरात कोण धावणार?

---

ओली सुपारी | १० जून, सायंकाळी ५:१२

पण काका, दुपारी आम्ही वाडीत असतो, घरात कोण असतं? रात्री निदान वीस पावलांवर असतो. धुराचा अलार्म हजाराच्या आत मिळतो, तो छताला लावला की झोपलेला माणूसही उठतो.

---

जांभ्या | १० जून, सायंकाळी ६:४०

अलार्म हवाच, दिवसा लावा नाहीतर रात्री. त्याच्या जोडीला तापमानावर दिवे तोडणारा थर्मोस्टॅट. रोपांच्या उंचीवर, सावलीत त्याचा सेन्सर ठेवा, ३८ अंशांवर दिवे बंद. पंखा जळला, जाळी तुंबली, काहीही झालं तरी दिवे स्वतःहून जातील. पंखे मात्र त्या थर्मोस्टॅटवर ठेवू नका, नाहीतर दिव्यांबरोबर तेही बंद पडतील. हे आधी कराच, मग रात्र-दिवसाचा वाद घाला.

टायमरबद्दल. स्वस्त टायमरवर १६ अँपिअर लिहिलेलं असतं, ते इस्त्री-गीझरसारख्या लोडसाठी. ड्रायव्हर चालू होताना क्षणभर कित्येक पट करंट ओढतो, आणि इथे चोवीस ट्यूब एकदम चालू होतात. त्यात टायमरच्या आतली रिलेची टोकं एकमेकांना चिकटतात. मग टायमर 'बंद' दाखवतो आणि दिवे चालूच. टायमरने फक्त कॉन्टॅक्टरची (जड करंट उचलणाऱ्या मोठ्या रिलेची) कॉइल चालवायची, दिव्यांचा करंट कॉन्टॅक्टरने उचलायचा. एमसीबी 'सी' कर्व्हचा, म्हणजे चालू होतानाचा क्षणिक झटका सोसणारा.

---

आगरातली | १० जून, रात्री ९:३०

अलिबागकडून. आमची रोपवाटिका आहे, सुपारी-मिरीची रोपं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं तेव्हाची गोष्ट. बरेच दिवस लाइट नव्हती. आली तेव्हा आनंदाने सगळं चालू केलं आणि काही मिनिटांत ड्रायव्हर फटाफट गेले, फ्रिजही गेला. नंतर कळलं की खांबावरचा न्यूट्रलचा जॉइंट खाऱ्या हवेने खाल्लेला होता, तो सुटला. तीन फेजवर वेगवेगळी घरं असली आणि न्यूट्रल तुटला की ज्या फेजवर लोड कमी त्या घरात व्होल्टेज चढतं, पार ४०० कडे जाऊ शकतं.

आता मेनला ओव्हर-अंडर व्होल्टेजचा प्रोटेक्टर आहे. व्होल्टेज ठरवलेल्या पट्ट्यात नसेल तर तोडतो, आणि लाइट परत आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून मग जोडतो. लाइट आली-गेली-आली असं जे सुरुवातीला होतं त्यातून सगळं वाचतं. विजांसाठी एसपीडी (व्होल्टेजचा लोट जमिनीकडे वळवणारं उपकरण) वेगळा बसवलाय, पण तो अर्थिंगशिवाय शोभेचा. आणि मेच्या शेवटी, ऑक्टोबरात गडगडायला लागलं की मी सरळ पिना काढते.

आगोटीची कामं करतो तेव्हा लाकूडफाटा, मीठमिरची भरून ठेवतो ना, त्यातच हेही धरलंय: प्रत्येक बोर्ड उघडून स्क्रू आवळायचे.

---

खाडीपल्याड | १६ जून, रात्री ८:४५

सगळ्यांचे आभार, बरंच काम झालं. रत्नागिरीहून परवानाधारक वायरमन आले. मेनपासून पडवीपर्यंत २.५ चौ. मि.मी.ची वेगळी लाइन, डीबी (एमसीबी वगैरेंची पेटी) पडवीच्या बाहेर कोरड्या बाजूला, १६ चे मजबूत सॉकेट, तीन रॅकना तीन वेगळे. अर्थिंगचा नवा खड्डा माडाजवळ. आरसीसीबी बसवला. झिणझिण्या गेल्या.

पण आरसीसीबी रोज पहाटे पडतो. दिवे पाचला लागतात, लागले की खाली. आठ वाजता वर केला की राहतो, मग दिवसभर काही नाही. शेजारचे म्हणतात काढून टाका, नाहीतर १०० मिलिअँपिअरचा बसवा.

---

तिसरी पिन | १६ जून, रात्री ९:०५

शेजाऱ्यांना चहा द्या आणि आरसीसीबीला हात लावू देऊ नका. १०० चा आगीसाठी असतो, माणूस त्याने वाचत नाही.

३० चा आरसीसीबी १५ ते ३० मध्ये कुठेही पडू शकतो. तुमच्या दोन पॅनेलांची नैसर्गिक गळती एक-दीड मिलिअँपिअरच्या वर जाणार नाही. म्हणजे बाकीची खरी गळती आहे. पहाटेच पडतो, उजाडल्यावर नाही, याचा अर्थ रात्री कुठेतरी दव धरतं आणि नंतर ते सुकतं. उद्या पहाटे एकेक रॅकची पिन काढून बघा. कोणती काढल्यावर राहतो ते कळलं की त्या रॅकच्या ट्यूब एकेक करून. पिन काढूनच, नुसता स्विच बंद करून नाही. स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रलकडूनही गळती होते.

---

खाडीपल्याड | १८ जून, सकाळी ९:२०

सापडली! मधल्या रॅकच्या सगळ्यात खालच्या कप्प्यातली ट्यूब. वरच्या ट्रेचं पाणी तिच्या टोकावर ठिबकत होतं. टोपी उघडली तर आत हिरवा थर. ती काढल्यावर आजची पहाट शांत.

---

जांभ्या | १८ जून, सकाळी १०:०५

त्या ट्यूबचा फोटो टाकला असतात तर बरं झालं असतं, पण मी न बघता सांगतो: आत ट्रान्सफॉर्मर नसणार. स्वस्त ट्यूब आणि बल्बमध्ये 'नॉन-आयसोलेटेड' ड्रायव्हर असतो. म्हणजे एलईडीची पट्टी थेट २३० शी जोडलेली, आणि ती व तुमचा हात यांच्यामध्ये फक्त प्लास्टिकची नळी. बैठकीच्या खोलीत ठीक, ठिबकत्या ट्रेखाली नाही. प्रकाश वाढावा म्हणून काही जण बल्बची पांढरी टोपी काढून लावतात, त्यांना तर हात जोडून विनंती.

हळूहळू बदलायच्या झाल्या तर दोन मार्ग. एक, आयपी ६५ च्या बंद ट्यूब. सहा म्हणजे धूळ अजिबात नाही, पाच म्हणजे पाण्याचा फवारा चालतो. मिठाबद्दल त्यात काही म्हटलेलं नाही, त्यामुळे वायर जिथे आत जाते त्या ग्लँडला सिलिकॉन लावा. ड्रायव्हरवर बीआयएसचा छापा आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघून घ्या. दोन, २४ व्होल्टच्या पट्ट्या, ड्रायव्हर बाहेर. शॉकची भीती जवळजवळ संपते. पण आगीची नाही: २४ व्होल्टवर १२० वॅट म्हणजे ५ अँपिअर, तेवढाच करंट जेवढ्याने तुमची पिन काळी झाली. तिथेही वायर जाड आणि जॉइंट पक्का हवा. ओल्यात डीसीचा जॉइंट एसीपेक्षा लवकर खातो.

---

आगरातली | १८ जून, दुपारी १२:३०

जॉइंटचं विचारायचंच होतं. आमचा मुलगा वायरीच्या टोकांना सोल्डर लावून मग स्क्रूखाली घालतो. चांगलं ना?

---

जांभ्या | १८ जून, दुपारी १:१५

नको. सोल्डर मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकतं आणि जॉइंट सैल होतो. बारीक तारांच्या वायरीला फेरूल (टोकावर बसणारी धातूची नळी) नाहीतर लग, पक्कडीने दाबून. पहिल्या आठवड्यानंतर स्क्रू पुन्हा एकदा आवळा.

आणि सगळं चालू करून तासाभराने प्रत्येक पिन, प्रत्येक कनेक्टर तपासा. ते बंदुकीसारखं थर्मामीटर मिळतं, ते चकचकीत धातूवर खोटं दाखवतं, प्रत्यक्षापेक्षा कमी. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्याच्यावर नेम धरा. शेजारच्या तशाच दुसऱ्या पिनेपेक्षा एखादी दहा-पंधरा अंशांनी जास्त दिसली की ती उघडायची.

---

ओली सुपारी | १८ जून, रात्री ८:१०

इन्व्हर्टरवर हे दिवे चालवले तर? माझा जुना स्क्वेअर वेव्हचा आहे, पंखे घुं घुं करतात.

---

जांभ्या | १८ जून, रात्री ८:४०

स्क्वेअर वेव्हवर दिवे नकोत, ड्रायव्हर तापतात. पंखेही तापतात, पण लाइट गेल्यावर हवा हलती ठेवायला चालवावे लागले तर थोडा वेळ चालतील. दिव्यांवाचून मोहरी एक दिवस काढते.

---

मुळामुठेचा माळी | १९ जून, सकाळी ७:५०

कूलरचा मुद्दा मागे घेतो. :) बरं, इकडे एका बंद झालेल्या पॉलिहाउसचे ४०० वॅटचे सोडियम दिवे चोकसकट स्वस्तात निघालेत. खाडीपल्याड, ऑर्किडांना पाठवू का दोन?

---

तिसरी पिन | १९ जून, सकाळी ८:०५

पाठवू नका. तापलेल्या सोडियमच्या काचेवर कौलातून एक थेंब पडला तर काच फुटून खाली ट्रेमध्ये. आणि त्या चोकचं वजन बघता रॅकही घाबरेल.